न आलेले, की गेलेले?

मृदुकाय प्राण्यांशी आपली ओळख बहुधा त्यांच्या पश्चातच होते. देवघरात शंख असतो; त्याच्या शेजारी गंडकीच्या पात्रातून आलेला शाळिग्राम असतो, आणि तो कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात विहरणाऱ्या अमोनाइट नावाच्या जीवाच्या कवचाचा अश्म आहे हे ठाऊक असूनही त्याच्यावर तुळस वाहताना हात अडखळत नाही. तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, कोकणातल्या परसात तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्यांचा ढीग साचलेला असतो. या साऱ्यांतून तो मऊ, ओलसर, स्वतःच्याच देहातून कण कण चुना स्रवून ते घर रचणारा प्राणी मात्र नाहीसा झालेला असतो. कवच टिकते म्हणून ते पूजेत येते, व्यवहारात येते, संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत येते. आणि हळूहळू कवच म्हणजेच तो प्राणी अशी आपली समजूत होऊन बसते. मागे उरणाऱ्या गोष्टीवरूनच गेलेल्याला ओळखण्याची ही सवय माणसाच्या इतर स्मृतींतही आहे. पण ज्यांनी कठीण असे काही मागे ठेवलेच नाही, त्यांची गणना कुठे आणि कशी करायची, हा प्रश्न त्या सवयीच्या कडेला सदैव उभा असतो.

अशा एका कुळाने गेली काही वर्षे माझे मन व्यापले आहे. समुद्रतळाच्या चिखलात आणि प्रवाळांच्या फांद्यांवर राहणारे, कवच नसलेले, कृमीसारख्या लांबट देहाचे हे मृदुकाय. ऐंशी हजारांहून अधिक ज्ञात मृदुकाय जातींमध्ये यांच्या जाती चारशेहून थोड्याच जास्त. शास्त्रात त्यांना अप्लॅकोफोरा म्हणतात, म्हणजे पाठीवर पट्ट्या न वाहणारे. जे नाही त्यावरूनच त्यांचे नामकरण झाले आहे. जे आहे ते पाहायचे तर भिंगाखाली जावे लागते.

त्यांच्यातला एक कीटोडर्मा. काही सेंटिमीटर लांबीचा, काडीएवढ्या जाडीचा हा जीव थंड समुद्रातल्या मऊ चिखलात डोके खाली घालून उभा राहतो. तोंडाशी एक लहानशी ढालीसारखी चकती असते; तिच्या आधाराने तो चिखल उकरीत खाली सरकतो आणि एकपेशीय जीव व सेंद्रिय गाळ यांवर गुजराण करतो. श्वासाची सोय दुसऱ्या टोकाला आहे: शेपटीकडच्या पोकळीत कल्ल्यांची एक जोडी, चिखलाच्या तोंडाशी, पाण्याकडे उघडी. सर्वांगावर ॲरागोनाइट या चुनखनिजाच्या सूक्ष्म कंटिका एकमेकींवर चढवलेल्या असतात, सगळ्यांची टोके मागे वळलेली, त्यामुळे प्रकाश पडला की देह रुपेरी झळाळतो. याचे दुसरे भावंड, सोलेनोगॅस्टर, चिखलात शिरत नाही. त्याच्या पोटाखालून लांबीभर एक चिंचोळी खाच जाते, तिच्यात पायाचा अवशेष म्हणावी अशी एक नाजूक घडी असते, आणि त्या घडीवरच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने तो स्वतःच्याच चिकट द्रवावरून सरकत राहतो. प्रवाळाच्या किंवा हायड्रॉइडच्या फांदीला वेढा घालून तो तिथले बहुपाद खातो, आणि ज्यांच्या दंशाने मोठे मासेही दूर राहतात त्या दंशपेशी त्याच्या आतड्यात निरुपद्रवी होऊन पडलेल्या आढळतात. बहुतेक सोलेनोगॅस्टर मिलिमीटरांत मोजावे एवढे. पण जपानच्या किनाऱ्यावर किकुतारो बाबा यांनी ज्याच्या गर्भवाढीचा अभ्यास केला, तो एपिमेनिया तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

हे मृदुकाय आहेत हे कळायलाच फार काळ गेला. १८४४ साली स्वेन लोव्हेन या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाने कीटोडर्माचे पहिले वर्णन केले ते कृमी म्हणून, आणि त्यात त्याचा दोष नव्हता; त्याच्या हाती आलेली वर्गीकरणाची चौकटच कवचाभोवती उभी होती. लिनिअसने १७५८मध्ये सगळ्या अपृष्ठवंशी जीवांपैकी कीटक आणि त्यांचे सोयरे वगळून उरलेले सारे काही ‘कृमी’ या एका प्रचंड वर्गात लोटले होते, आणि त्या वर्गाच्या आत ‘मोलस्का’ हे नाव दिले होते ते कवच नसलेल्यांना: बिनकवचाच्या गोगलगायी, माखले, जेलीफिश, तारामासे, समुद्रकाकड्या, अगदी सागरी वलयी कृमीदेखील त्यात होते. कवचधारी सगळे दुसऱ्या दालनात. तिथे शंख-शिंपल्यांच्या शेजारी आठ पट्ट्यांचा कायटन होता, जहाजांची लाकडे पोखरणारा आणि दिसायला निव्वळ अळीसारखा टेरेडो होता, आणि चुन्याची नळी रचून तिच्यात राहणारा एक खराखुरा कृमीही होता. आज ही मांडणी वाचताना प्रथम तिच्यातली सरमिसळ डोळ्यांत भरते, पण थोडे थांबले तर तिच्यामागची निष्ठा जाणवते. जे डोळ्यांना दिसते, हाताला लागते, त्याच्यावर त्या माणसाने विश्वास ठेवला. जे नाही तेही जणू हाताला लागते असे त्याने धरले, आणि तिथेच ती चौकट कच्ची राहिली. लोव्हेननंतर तीस वर्षांनी, १८७५मध्ये, लिनिअसच्याच वंशातल्या टिको टुलबर्गने स्वीडनच्याच पश्चिम किनाऱ्यावरून निओमेनिया नावाचा सोलेनोगॅस्टर वर्णिला, तेव्हा त्याच्या निबंधाच्या शीर्षकात तो एवढेच म्हणाला की ही अपृष्ठवंशी प्राण्यांची एक नवी प्रजाती आहे. कोणत्या संघातली, ते शीर्षकाने सांगितले नाही. पूर्वजाने जगातल्या प्रत्येक वस्तूला खण नेमून दिला, आणि वंशजाने एका जीवाला हातात धरून खणाबाहेर थांबू दिले. या थांबण्याचे मला फार मोल वाटते.

या कथेचे पुढचे पान नॉर्वेतल्या बर्गन शहरात उलगडते, आणि तिथे मराठी वाचकाला एक ओळखीचे नाव भेटते. एकोणिसाव्या शतकात बर्गन हे कुष्ठरोगाच्या अभ्यासाचे युरोपातले मोठे केंद्र होते. तिथल्या रुग्णालयाचा प्रमुख डॅनिएल डॅनिएलसेन हा कुष्ठरोगाचा अधिकारी वैद्य आणि बर्गनच्या संग्रहालयाचा आधारस्तंभ; त्याचा जावई गेऱ्हार्ड आर्माउअर हॅन्सन, ज्याने १८७३मध्ये कुष्ठाच्या गाठींत दंडाकार जंतू पाहिले आणि ज्याच्या नावाने तो रोग आता ओळखला जातो. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाणांनी आणि वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी ज्या व्याधीशी आयुष्यभर झुंज घेतली, तिचे मूळ कारण ज्या डोळ्यांनी प्रथम पाहिले, त्याच डोळ्यांनी चारच वर्षांनी कीटोडर्माची अंतर्रचना न्याहाळली. सासऱ्यानेही त्याच सुमारास या कुळातल्या नव्या जातींची वर्णने केली. मला हा योगायोग वाटत नाही. ज्यांच्याकडे कुणी निरखून पाहत नाही त्यांच्याकडे पाहण्याची सवय लागलेली नजर रुग्णशय्येवरून संग्रहालयाच्या टेबलाकडे वळली, तर तिला चिखलातला हा नगण्य जीवही दिसणारच. तरीही ती नजर निष्कलंक नव्हती. कुष्ठाचा जंतू माणसातून माणसात जातो हे सिद्ध करण्याच्या ध्यासात हॅन्सनने १८७९मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीविना रोगद्रव्य टोचले. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि रुग्णालयातले पद त्याला गमवावे लागले. पाहणे आणि आपलासा करणे यांत अंतर आहे. ज्ञानाचा डोळा कितीही सूक्ष्म असला तरी ज्याच्याकडे तो पाहतो त्याचे दुःख त्याला आपोआप दिसत नाही.

हॅन्सन कीटोडर्मा उलगडत होता त्याच सुमारास, १८७६मध्ये, हेरमान फॉन इहरिंग या जर्मन अभ्यासकाने (हाच पुढे ब्राझीलला जाऊन साओ पाउलोच्या संग्रहालयाचा प्रमुख झाला) या कृमिसदृश जीवांना कायटनच्या शेजारी नेऊन बसवले. आधार होता मज्जासंस्थेचा: देहाच्या लांबीभर धावणाऱ्या मज्जारज्जूंच्या दोन जोड्या आणि त्यांना आडवे सांधणारे धागे, ही शिडीसारखी रचना दोघांतही होती. त्याने मात्र दोघांनाही मिळून कृमींतच धाडले. मृदुकायांच्या घरात या कृमिरूपांना प्रवेश मिळाला तो आणखी काही वर्षांनी. कायटन आपल्या किनाऱ्यावरचा. कोकणात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काळ्या खडकांच्या कपारीत, पाण्याच्या पातळीशी, एखाद्या चपट्या बदामासारखा तो चिकटलेला असतो, आणि खडकाच्या रंगात इतका मिसळलेला असतो की बोट लागेपर्यंत समजत नाही. पाठीवर एकात एक अडकवलेल्या आठ आडव्या पट्ट्या. खरवडून काढला तर त्या सांध्यांमुळेच तो देह वळवून गोळा होतो. खडकावरचे शेवाळ खरवडणाऱ्या त्याच्या जिभेच्या दातांवर चुंबकीय लोहखनिजाचे टोपण असते. पण मला त्याच्याकडे बघताना बोट फिरवावेसे वाटते ते पट्ट्यांभोवतीच्या मांसल कडेवरून. ती कड खरखरीत लागते, कारण तिच्यात चुनखनिजाचे बारीक खवले आणि काटे रुतलेले असतात. पट्ट्या मनातल्या मनात उचलून टाकाव्यात, ती खरखरीत कड दोन्ही बाजूंनी पाठीवर ओढून घ्यावी, देह लांब करावा, की कीटोडर्मा समोर येतो.

की उलट? कीटोडर्मा आधी होता, आणि त्याच्या पाठीवर पुढे पट्ट्या आल्या?

इथे मला आपल्या नैयायिकांची आठवण येते. वैशेषिकांच्या सहा पदार्थांत पुढे सातवा म्हणून अभाव स्थिरावला, आणि अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, ज्याची आठल्यांनी टिपांसह संपादलेली आणि बोडसांच्या प्रस्तावनेने समृद्ध झालेली मुंबईची आवृत्ती जुन्या अभ्यासकांच्या कपाटात हमखास असे, अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतले दोन इथे हवेत. घट घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव: त्याला आरंभ नाही, पण घट घडताच त्याचा अंत होतो. घट फुटल्यावर जो अभाव येतो तो प्रध्वंसाभाव: त्याला आरंभ आहे, पण अंत नाही. हे दोन अभाव राहतात कुठे, या प्रश्नाचे शास्त्राने दिलेले उत्तर मला आजही थक्क करते. दोन्ही राहतात कपालात. ज्या दोन कपालांच्या जोडणीतून घट होणार आहे तीही कपालेच, आणि घट फुटल्यावर हाती उरतात तीही कपालेच. म्हणजे नुसते कपाल हातात घेऊन कितीही निरखले तरी त्यात घट अजून व्हायचा आहे की होऊन गेला आहे, हे त्या तुकड्यात लिहिलेले नसते. ते कळायला काळाची साक्ष लागते.

विसाव्या शतकात या जीवांवर जो दीर्घ वाद झाला तो याच दोन अभावांचा वाद होता, असे मला वाटते. व्हिएन्नाच्या लुइटफ्रीड फॉन साल्विनी-प्लावेन यांचा पक्ष प्रागभावाचा: कंटिकाधारी कृमिरूप हेच मृदुकायांचे आद्यरूप, त्याच्या दोन शाखा कवच येण्यापूर्वीच फुटल्या, मग पट्ट्या आल्या, मग अखंड कवच. अमेरिकेत वुड्स होलच्या अमेली शेल्टेमा यांचा पक्ष वेगळा: कायटन आणि हे कृमिरूप जीव एकाच फांदीची जुळी पाने आहेत, आणि यांचे साधेपण उत्तरकालीन आहे. दोघेही मनस्वी अभ्यासक होते, दोघांच्याही हाती तीच कपाले होती. पाठ्यपुस्तकांत बराच काळ पहिल्या पक्षाचे चित्र मिरवले, आणि त्यामागे पुराव्याइतकीच मनाची एक जुनी ओढ होती: साधे ते आधीचे, गुंतागुंतीचे ते नंतरचे. आपण सगळेच या ओढीचे मानकरी आहोत. एखादा बुजुर्ग गवई उतारवयात तानांचे जाळे बाजूला ठेवतो आणि दोन स्वरांमधल्या अंतरात राग उभा करतो. ज्याने त्याचे चाळिशीतले गाणे ऐकलेले नाही त्याला वाटावे, याला एवढेच येते. सुरुवातीचे साधेपण आणि सर्व काही करून झाल्यानंतरचे साधेपण कानाला जवळजवळ सारखेच लागते. सह्याद्रीच्या ओल्या मातीतला देवगांडूळ पाहिला तर हे आणखी पटते. तो गांडूळ नाही, बेडकाच्या वर्गातला उभयचर आहे; त्याच्या पूर्वजांना पाय होते. सापांनाही होते. कृमीचा आकार हा जीवसृष्टीत पुन्हापुन्हा परतून येणारा मुक्काम आहे. चिखलात, बिळात, फांद्यांच्या गुंत्यात राहायचे ठरले की देह लांबतो आणि बाहेर डोकावणारे जे जे असेल ते सोडून देतो.

मग काळाची साक्ष कुठून आणायची? पहिली साक्ष आली ती एका बालकाच्या पाठीवरून. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर बान्यूल्स इथे जॉर्ज प्रुव्हो यांनी १८९०मध्ये सोलेनोगॅस्टरच्या एका नुकत्याच रूपांतर झालेल्या डिंभाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या पाठीवर, एकामागे एक, कंटिकांनी घडलेल्या सात आडव्या पट्ट्या होत्या. कायटनच्या बाळाच्या पाठीवरही आधी सातच पट्ट्या येतात, आठवी मागाहून. पण प्रुव्होंच्या नंतर जपानात किकुतारो बाबांनी आणि अन्यत्र इतरांनी अन्य जातींचे डिंभ वाढवून पाहिले, तेव्हा त्या सात पट्ट्या कुणालाच दिसल्या नाहीत. एका माणसाने एकदा पाहिलेले आणि नंतर कुणाच्याही वाट्याला न आलेले ते दर्शन शंभराहून अधिक वर्षे ग्रंथांत राहिले. कुणी त्याला भ्रम म्हटले, कुणी पुरावा. मला त्या प्रामाणिक चित्राविषयी ममत्व वाटत आले आहे. शास्त्रात एकट्याच्या अनुभवाला प्रमाण मानता येत नाही हे खरे, पण तो पुसूनही टाकता येत नाही.

दुसरी साक्ष पेशींतल्या रेणूंची. तिने आरंभी खोटेच सांगितले. सोलेनोगॅस्टरचा डीएनए वाचायला घेतला की वारंवार हाती येई तो प्रवाळांच्या आणि हायड्रॉइडांच्या कुळाचा, कारण प्राण्याच्या आतड्यात त्याचे भक्ष्य होते; अकिको ओकुसु आणि गोन्झालो गिरिबेट यांनी २००३मध्ये या चिवट सरमिसळीचा उलगडा केला. याच चिखलातला आणखी एक जीव, झेनोटर्बेला, स्वीडनच्या गुलमार फिओर्डमधून १९१५मध्ये प्रथम वर आला. त्याच्यावर तर उलटाच प्रसंग ओढवला होता: त्याच्या पोटातल्या शिंपल्यांच्या जनुकांवरून १९९७मध्ये त्यालाच शिंपला ठरवले गेले, आणि तोही २००३मध्येच त्यातून मोकळा झाला. जो खातो आणि जे खाल्ले जाते त्यांच्यातली सीमा यंत्राला दिसत नव्हती. पुढे २०२१मध्ये तीच अशुद्धता मुद्दाम वाचून खोल समुद्रातले सोलेनोगॅस्टर कुणाकुणाला खातात आणि किती चोखंदळपणे, हे शोधले गेले. ज्याला अनेक वर्षे दोष म्हणून गाळले, त्यातच एका जीवाची दिनचर्या लिहिलेली होती. दरम्यान २०११मध्ये दोन स्वतंत्र गटांनी शेकडो जनुके एकत्र वाचून एकच उत्तर दिले: कायटन आणि हे कवचहीन कृमिरूप जीव ही एका घरातली भावंडे, आणि बाकी सारे शंख-शिंपले-माखले हे दुसरे घर. शेल्टेमांचे म्हणणे खरे ठरत होते.

तिसरी साक्ष दगडातून आली. इंग्लंडमधल्या हेरेफर्डशायरमध्ये, साडेबेचाळीस कोटी वर्षांपूर्वी, सिल्युरियन काळातल्या ज्वालामुखीची राख समुद्रतळावर पडली आणि तिच्याखाली गाडल्या गेलेल्या लहान जीवांभोवती चुनखडीचे गोळे जमत गेले. त्या गोळ्यांतले जीव दगडापासून वेगळे करता येत नाहीत. म्हणून मार्क सटन आणि त्यांचे सहकारी तो गोळा थोडा घासतात, उघड्या पडलेल्या पृष्ठाचे छायाचित्र घेतात, पुन्हा थोडा घासतात, पुन्हा छायाचित्र, मिलिमीटरच्या अंशाअंशाने, अखेरपर्यंत. आणि मग त्या प्रतिमांची चळत संगणकात रचून प्राणी उभा करतात. तो उभा राहतो तेव्हा त्याचा अश्म धूळ होऊन गेलेला असतो. २०१२मध्ये अशा रीतीने कुलिंड्रोप्लॅक्स जगासमोर आला. देह कीटोडर्मासारखा लांबट आणि कंटिकांनी मढवलेला. पाठीवर पट्ट्या, सात.

त्या धुळीपाशी मी पुन्हापुन्हा येऊन थांबतो. जिवंत सोलेनोगॅस्टरची जात ओळखायची तरी काय करावे लागते? त्याच्या कंटिका सोडवून तपासाव्या लागतात, आणि मग देहाचे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याजोगे पातळ काप एकामागून एक घ्यावे लागतात, कारण जिभेचे दात, ग्रंथींची रचना, जननेंद्रियांची मांडणी, हे सारे आतच असते. कित्येक जाती एकाच नमुन्यावरून ठाऊक आहेत. म्हणजे खोल अंधारातून आयुष्यात एकदाच वर आलेला तो एकटा जीव काचपट्ट्यांवरच्या शेकडो कापांत विभागला जातो, आणि त्या कापांचे नावच मग त्याच्या जातीचे नाव होते. याला हिंसा म्हणावी, की आदराचा सर्वांत काटेकोर प्रकार? मला दोन्ही खरे वाटते, आणि त्यातले एक सोडून दुसरे निवडावे असे वाटत नाही. देवघरातला शंख अखंड राहतो, पण तो कुणाचा हे कुणी विचारत नाही. हा जीव अखंड राहत नाही, पण त्याच्या प्रत्येक कापाकडे कुणीतरी तासन्‌तास पाहिलेले असते.

उरली ती बालकाची साक्ष, जी प्रुव्होंच्या हातून निसटली होती. बर्गनच्याच परिसरातल्या समुद्रात विरेनिया नावाचा एक रुपेरी सोलेनोगॅस्टर राहतो. त्याचा डिंभ आधी मोठ्या पेशींच्या एका सैलसर आवरणात वाढतो आणि मग ते आवरण टाकून देतो. त्याच्या पाठीवर पट्ट्या आढळल्या नाहीत. परंतु २०१३मध्ये अभ्यासकांनी त्याच्या स्नायूंचा पट रंगवून पाहिला तेव्हा तो पट कायटनच्या स्नायूंशी कमालीचा जुळणारा निघाला. रूपांतरात तो मोडतो आणि प्रौढ देहाची साधी नलिका उरते. पट्ट्या गेल्या, त्यांना हलवणारी दोरखंडे बाल्यात अजून बांधली जातात आणि वापरल्याविना सोडली जातात. शेल्टेमांनी या कुळाविषयी एक सूक्ष्म कल्पना मांडली होती, की हे जीव म्हणजे पूर्वजांच्या बालरूपातच प्रौढ झालेले कायटनचे सोयरे असावेत. ही कल्पना मान्य केली तर नैयायिकांचे दोन अभाव एकाच देहात एकत्र नांदतात. वंशाच्या इतिहासात पट्टी होती आणि गेली, म्हणून तो प्रध्वंस. पण प्रत्येक स्वतंत्र जीवाच्या आयुष्यात पट्टी कधी आलीच नाही, तिची वेळ येण्यापूर्वीच तो मोठा झाला. त्याच्यापुरता तो कधीही न संपलेला प्रागभाव. वंशाने गमावलेले आणि व्यक्तीला कधीच न मिळालेले यांत किती अंतर आहे, हे घराण्यातून एखादी भाषा किंवा विद्या हरपलेली पाहणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. नातवाला त्याचे दुःख नसते. त्याच्या दृष्टीने गेलेले असे काही नाहीच.

प्रध्वंसाला अंत नाही, हे नैयायिकांचे वचन उत्क्रांतिशास्त्रातही दुसऱ्या वाटेने आले. बेल्जियन पुराजीवशास्त्रज्ञ लुई डोलो यांनी १८९३मध्ये म्हटले की वंशाने एकदा सोडलेली जटिल रचना जशीच्या तशी परत येत नाही. दीर्घकाळ तो नियम अढळ मानला गेला. पण २००३मध्ये कॅलिप्ट्रिडी या कुळातल्या टोपीसारख्या कवचांच्या गोगलगायींत असे दिसले की ज्या वंशाने कवचाचा पीळ सोडला होता, त्याच्या एका शाखेत तो पुन्हा परतला. त्यांच्या डिंभांनी पीळ कधी सोडलाच नव्हता; बाल्यात तो जपला गेला, म्हणून प्रौढ वयात त्याला परतायला वाट होती. हे वाचल्यापासून विरेनियाच्या डिंभातल्या त्या स्नायूंकडे मी निराळ्या नजरेने पाहतो. शिवाय कंटिका रचणाऱ्या पेशी तर प्रौढ देहातही अविश्रांत काम करीत असतात. चुना गाळण्याची, त्याला आकार देण्याची विद्या या कुळाने टाकलेली नाही. टाकला आहे तो फक्त एकसंध पट्टीचा आकार. कपाले अजून ताजी आहेत.

आणि मागे पाहिले तर पट्ट्यांची संख्याही कधी स्थिर नव्हती. मोरोक्कोतल्या फेझुआटा खडकांतून २०१७मध्ये वर्णन झालेला कॅल्व्हापिलोसा सुमारे अठ्ठेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा. सर्वांगावर काटे, तोंडात मृदुकायांची दातेरी जीभ, आणि डोक्याकडे पट्टी एकच. हेरेफर्डशायरच्या गोळ्यांतून २०२५मध्ये आणखी दोन कंटिकाधारी जीव उभे राहिले, अभ्यासकांनी त्यांना पंक आणि इमो अशी तरुणांच्या संगीतातली नावे दिली, आणि त्यांनी दाखवून दिले की त्या काळी या फांदीवर आज कल्पना करता येणार नाही इतकी रूपे नांदत होती. एक पट्टी, मग सात, मग आठ, मग एकही नाही; आणि हा क्रमही सरळ रेषेतला नसणार. आज दिसणाऱ्या कवचहीन जीवांपुरता निकाल प्रध्वंसाच्या बाजूने लागला आहे, तो मला मान्य आहे. पण कॅल्व्हापिलोसाच्याही मागे, जिथे पहिली पट्टी कुणाच्या तरी मऊ पाठीवर प्रथम घट्ट झाली त्याच्याही आधीच्या क्षणी, असा एक जीव असलाच पाहिजे ज्याच्या पाठीवर पट्टी नव्हती कारण ती अजून कुणीच रचली नव्हती. साल्विनी-प्लावेन ज्याला शोधत होते तो तोच. त्यांनी त्याला चिखलातल्या या रुपेरी कुळात पाहिले, तिथे तो नव्हता. कँब्रियनच्या किंवा त्याहून जुन्या एखाद्या खडकात त्याचा ठसा असेल, तर तो ओळखणाऱ्यापुढे पुन्हा कपालच असेल, आणि या खेपेला त्याला प्रागभाव सिद्ध करावा लागेल.